डागणीपासून मूलपेशींपर्यंत : एक प्रस्तावना

एका अंगास माहुलीचे सुळके, दुसऱ्या अंगास सिद्धगड-गोरखगडाची उभी रांग आणि मधून भातसा, काळू, शाई या नद्यांची खोरी, अशी ज्या मुलखाची ठेवण आहे, जेथे पावसाळ्याचे चार महिने जमीन गुडघाभर चिखलाची असते व पुढील आठ महिने तीच जमीन भेगाळून कठीण होते, त्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात चार पायांवर चालणाऱ्या जिवाच्या सांध्यांवर केवढा भार पडत असेल, याचा अंदाज नकाशा पाहून येणार नाही. आषाढात चिखलणीच्या वेळी बैलाचा मागचा पाय वेडावाकडा रुतावा आणि त्याने तो झटक्यासरशी ओढून काढावा, एवढे निमित्त गुडघ्याची वाटी सरकण्यास अथवा एखादा अस्थिबंध तुटण्यास पुरेसे होते. लावणी चार दिवस खोळंबली की आवण वाढून पिवळे पडते, शेजाऱ्याचा बैल उसना मिळण्याची ती वेळ नसते, आणि भाड्याच्या पॉवर टिलरचा दर नेमका त्याच आठवड्यात चढलेला असतो. सबब ज्याला शहरातील वाचक जनावराचे दुखणे समजेल ते येथे साऱ्या घराच्या जमाखर्चाचे दुखणे असते.

या बैलाच्या शेजारी गेल्या काही वर्षांत आणखी एक रहिवासी येऊन राहिला आहे. आसनगाव-वासिंदपासून सरळगाव-धसईपर्यंत जमिनींचे तुकडे पडून जी फार्महाऊसे उभी राहिली, त्यांच्या फाटकांआड लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड जातीचे कुत्रे दिसू लागले, आणि खुब्याच्या सांध्याचे जे विकार गावठी कुत्र्यात क्वचितच आढळतात ते या पाहुण्यांबरोबर तालुक्यात आले. बैल आणि लॅब्रॅडॉर यांची योग्यता, किंमत आणि नशीब यांत कितीही अंतर असले तरी सांध्याची रचना दोघांची एकाच जातीची आहे. म्हणून पुनर्जनन-चिकित्सा या नावाने अलीकडे ओळखल्या जाणाऱ्या उपचारांचा परिचय करून देणाऱ्या या पुस्तकात दोघेही शेजारी शेजारी उभे आहेत, ही गोष्ट मला योग्य वाटते. प्राण्याच्या स्वतःच्याच रक्तातून, मज्जेतून अथवा चरबीतून काढलेली द्रव्ये व पेशी दुखावलेल्या जागी घालून तेथील ऊतींची डागडुजी शरीराकडूनच करवून घेणे, एवढाच या चिकित्सेचा थोडक्यात अर्थ. त्याविषयी जे दावे होतात ते मात्र एवढ्या थोडक्यात होत नाहीत, आणि या प्रस्तावनेचे प्रयोजन त्या दाव्यांची थोडी रुजुवात करणे हे आहे.

पशुवैद्यक ही आपल्याकडे साहेबाबरोबर आलेली विद्या आहे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात मनुष्यांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेची तजवीज केल्याचे नमूद आहे, आणि त्याच लेखमालिकेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपाऱ्यास सापडले आहेत. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून जो नाणेघाट जुन्नरकडे चढतो त्याच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञप्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाईंची व घोड्यांची गणना आहे. त्या घाटाच्या पायऱ्यांवरून शतकानुशतके लमाणांचे ओझ्याचे बैल चढले-उतरले, आणि उतरणीवर पुढच्या पायाच्या सांध्यांवर येणारा ताण ज्याने कधी डोंगर उतरला आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. या बैलांचे लंगडणे कोणी ना कोणी बघत असणार, त्यावर काही ना काही उपाय करीत असणार; लेण्यातील लेखात त्याची नोंद नाही एवढेच.

ते उपाय कोणते असावेत, हे आजही पाड्यांवर चालणाऱ्या वहिवाटीवरून ताडता येते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, हळद-चुन्याचा लेप, मुरगळलेल्या जागी बिब्बा, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या, आणि कशानेच गुण न आला तर तापलेल्या सळईचा डाग. यांपैकी कामट्यांविषयी आधुनिक शल्यवैद्यालाही आदरच वाटावा. हाड हलू न देता ताठ बांधून ठेवणे हे तत्त्व त्याच्या प्लॅस्टरचेही आहे, फक्त कामटीखाली कातडे कुजू नये एवढी खबरदारी हवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकून लोण्या-हळदीने मळण्याचा जो शिरस्ता आहे, त्यातही जुवाखाली घट्टे पडून होणाऱ्या खांदेसुजीची जाण दिसते. तो सण वर्षातून एकदाच का येतो, असा प्रश्न बैलाला बोलता आले असते तर त्याने जरूर विचारला असता.

डागाची गोष्ट निराळी आणि अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण डाग देणारा माणूस केवळ क्रूर अथवा अडाणी असतो असे मानणे अन्यायाचे होईल. त्याच्या कृतीमागे एक उपपत्ती आहे. जुनाट झालेली दुखापत निपचित पडून राहते, शरीर तिची दखल घेईनासे होते. म्हणून तेथेच नवी, तीव्र जखम केली की शरीर पुन्हा जागे होऊन दोन्ही जखमा एकदम भरून काढील, अशी ती विचारसरणी आहे. हीच उपपत्ती विलायतेतील घोड्यांच्या वैद्यांनीही शतकांपासून मानली होती आणि शर्यतीच्या उमद्या घोड्यांच्या पायांवर तापलेल्या लोखंडाच्या रेघा ओढण्याचा प्रघात तेथे विसाव्या शतकातही चालू होता. पुढे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी कंडरा दुखावलेल्या घोड्यांवर डागाचा परिणाम पद्धतशीरपणे तपासला आणि १९८३ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की डागाने कंडरा भरून येण्यास काही मदत होत नाही. घोडा बरा होतो तो डागामागून सक्तीने मिळालेल्या दीर्घ विश्रांतीमुळे. डाग हा उपचार नव्हता, उपचाराचे श्रेय उपटणारा साक्षीदार होता.

ही हकीकत मी विस्ताराने सांगितली तिचे कारण असे की, आजची पुनर्जनन-चिकित्सा त्याच विचाराची नात आहे. शरीराची स्वतःची दुरुस्तीची शक्ती जेथे थकली तेथे तिला चेतना द्यावी, हा हेतू दोन्हींत समान, फरक साधनांचा. आणि म्हणूनच ज्या कसोटीवर डागाचा निकाल लागला त्याच कसोटीवर या नव्या साधनांनाही उभे करणे न्याय्य ठरते. लोखंडाला जे माफ नाही ते केवळ प्रयोगशाळेतून आले म्हणून सिरिंजला माफ करता येणार नाही.

शरीराची दुरुस्तीची शक्ती सांध्यापाशी का थकते, हे आधी समजून घेतले पाहिजे. कातडे फाटले तर रक्त वाहते, रक्ताबरोबर दुरुस्तीचे सारे साहित्य तेथे येऊन पोहोचते आणि दहा-पंधरा दिवसांत जखम बुजते. सांध्याच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेत मात्र रक्तवाहिन्याही नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिला पोषण मिळते ते सांध्यातील वंगणवजा द्रवातून झिरपून. परिणामी तिची झीज सुरू झाली तरी आरंभी प्राण्याला वेदना होत नाही, आणि वेदना होऊ लागते तेव्हा झीज बरीच पुढे गेलेली असते. कंडरेची कथा याहून थोडी वेगळी आहे. ती भरून येते, परंतु मूळच्या लवचीक, समांतर तंतूंच्या जागी तेथे ताठर व्रणऊती तयार होते. जनावर बरे झालेसे दिसते, कामाला जुंपले जाते, आणि त्याच जागी अथवा तिच्या शेजारी पुन्हा दुखावते.

या कोंडीवर जे उपाय निघाले त्यांत सर्वांत साधा आणि म्हणूनच तालुक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपाय प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाचा, ज्याला वैद्यकीय बोलीत पीआरपी म्हणतात. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. जनावराच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढतात. ते गोठू नये म्हणून नळीत आधीच सायट्रेटचे द्रावण घातलेले असते. नळी सेंट्रीफ्यूज यंत्रात प्रथम मंद गतीने फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर गव्हाळ पिवळा द्रव राहतो आणि दोहोंच्या मधोमध पांढुरकी, पातळ साय दिसते. वरचा द्रव त्या सायीच्या कडेपर्यंत हलक्या हाताने काढून दुसऱ्या नळीत अधिक वेगाने फिरवतात, वरचा विरळ भाग टाकून देतात, आणि तळाशी जो थोडासा द्रव उरतो त्यात प्लेटलेटचे प्रमाण मूळ रक्ताच्या कित्येक पट झालेले असते. रक्त थांबवणे हे प्लेटलेटचे सर्वांना ठाऊक असलेले काम. परंतु त्यांच्या पोटात वृद्धिकारक द्रव्यांच्या पिशव्या असतात आणि जखमेच्या जागी फुटून त्या नव्या वाहिन्या, नवे तंतू व दुरुस्तीच्या पेशी यांना पाचारण करतात. हा द्रव सांध्यात घालण्यापूर्वी त्या जागेचे केस भादरून, जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा पुसून, जनावराला आवश्यक तेवढी गुंगी देऊनच सुई घालावयाची असते. सांध्यात शिरलेला एक जंतू सगळ्या प्लेटलेटचे काम मातीमोल करू शकतो, आणि गोठ्यातील शेणाच्या वासात ही शुचिता राखणे जेथे अशक्य असेल तेथे हा उपचार न करणे हाच उपचार.

दुसरा उपाय मूलपेशींचा, ज्यांना सर्वत्र स्टेम सेल म्हणतात. मॉस्कोतील अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात अस्थिमज्जेतील काही पेशी काचपात्रात वाढवून त्यांच्यापासून हाड तयार होऊ शकते असे दाखवले, आणि अमेरिकेतील आर्नल्ड कॅपलान यांनी १९९१ मध्ये त्यांना मूलपेशींच्या वर्गात बसवले. तेव्हापासून अशी कल्पना रूढ झाली की या पेशी झिजलेल्या सांध्यात सोडल्या की त्या स्वतःच नवी कूर्चा होऊन बसतील. ही कल्पना अत्यंत आकर्षक आहे, जाहिरातीस फार सोयीची आहे, आणि बऱ्याच अंशी चुकीची आहे. सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात नाहीशा होतात. त्या जिवंत असेतो जे स्राव सोडतात त्यांनी दाह ओसरतो आणि तेथील मूळच्या पेशी कामाला लागतात. त्या मजूर नव्हेत, मुकादम आहेत. आपण घमेले उचलीत नाहीत, उचलवून घेतात. आणि जेथे मजूरच उरले नाहीत, म्हणजे कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागले आहे, तेथे मुकादम पाठवून फारसे निष्पन्न होत नाही. खुद्द कॅपलान यांनीच २०१७ मध्ये आपण दिलेल्या नावाचा फेरविचार करावा असे लिहिले, हा वैज्ञानिक प्रामाणिकपणाचा एक दाखला आहे. जाहिरात करणाऱ्यांनी मात्र जुनेच नाव चालू ठेवले आहे.

या विद्येचा प्रवास कोणत्या प्राण्याकडून कोणत्या प्राण्याकडे झाला, हे पाहणे मनोरंजक असले तरी सर्वस्वी सुखावह नाही. प्रथम घोडा, कारण शर्यतीच्या घोड्यावर पैसा लागलेला असतो. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील रॉजर स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या उरोस्थीतून मज्जा काढून, तिच्यातील पेशी वाढवून त्या फाटलेल्या कंडरेत घातल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दोन वर्षांहून अधिक काळ नजरेखाली ठेवलेल्या शंभरावर घोड्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्के निघाले, आणि पूर्वीच्या पद्धतींत ते निम्म्याहून अधिक असे. घोड्यामागून कुत्रा, कारण त्याच्यामागे धन्याची माया आणि धन्याची मिळकत असते. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये स्थापन झालेल्या व्हेट-स्टेम या कंपनीने चरबीतील पेशींचा व्यवसाय याच क्रमाने वाढवला, आणि युरोपात पशूंसाठी मूलपेशींच्या पहिल्या औषधास २०१९ मध्ये जी मान्यता मिळाली ती घोड्याकरिता, कुत्र्याकरिता मिळाली ती २०२२ मध्ये. बैल या रांगेत शेवटी उभा आहे. ज्या प्राण्याच्या श्रमावर ही रांग लावणारे सारे जग शतकानुशतके जेवले, त्याच्या सांध्यांवरील मोजमाप सर्वांत थोडे व्हावे, याला काय म्हणावे ते वाचकानेच ठरवावे.

आता पुराव्याविषयी. मुका प्राणी खोटे बोलत नाही, सबब त्याला आलेला गुण खराच असला पाहिजे, असे आपण समजतो. परंतु त्याच्यावतीने बोलणारा माणूस मुका नसतो. संधिवात झालेल्या ५८ कुत्र्यांना केवळ निष्क्रिय औषध देऊन केलेल्या एका अमेरिकन पाहणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, असे आढळले की सुमारे चाळीस टक्के प्रसंगी धन्याला लंगड कमी झाल्याचा भास झाला, आणि अधिक विलक्षण गोष्ट ही की तपासणाऱ्या पशुवैद्यांची गत याहून चांगली नव्हती. खरी परीक्षा जमिनीत बसवलेल्या दाबमापक पट्टीने होते. कुत्रा तिच्यावरून चालत गेला की कोणत्या पायावर किती भार पडला ते आकड्यांत उमटते, आणि त्या पट्टीला ना माया असते ना खर्च केल्याचे समाधान. अशा मोजमापाने २०१३ मध्ये वीस कुत्र्यांवर झालेल्या एका प्रयोगात प्लेटलेटच्या एका इंजेक्शनाने बारा आठवड्यांनंतर पायावरील भार खरोखर वाढल्याचे दिसले. मूलपेशींच्या बाबतीतही सुधारणा दिसली आहे, मात्र काही प्रयोगांत ती सहा महिन्यांच्या आत ओसरलेलीही आढळली. वीस कुत्रे म्हणजे फार नव्हेत. पण नाहीत असेही नव्हे.

आमच्या मुरबाड तालुक्यात दाबमापक पट्टी नाही, परंतु पौष पौर्णिमेस म्हसा येथे खांबलिंगेश्वराची जी यात्रा भरते आणि तिच्यालगत जनावरांचा जो मोठा बाजार भरतो, तेथील खरीददाराचा डोळा त्या पट्टीच्या जवळपास जाणारा असतो. तो आधी दात पाहतो, मग कासरा धरून बैलाला मऊ मातीवरून व नंतर कठीण वाटेवरून चालवतो, एका बाजूस वळवतो, दुसऱ्या बाजूस वळवतो. दुखऱ्या पुढच्या पायावर भार येताच बैल डोके वर उचलतो आणि बरा पाय टेकताच खाली करतो; मागचा पाय दुखत असला तर त्या बाजूचे माकडहाड अधिक वरखाली होते; आणि खुरांची टोके एका बाजूस झिजलेली असली तर विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी जुने दुखणे लपत नाही. हा डोळा निर्दय असतो, कारण त्याला पैसे द्यावयाचे असतात, मिळवावयाचे नसतात. उपचार केलेल्या जनावराची परीक्षा त्याच्या धन्याने न करता अशा एखाद्या त्रयस्थाने, उपचार कधी झाला हे त्याला न सांगता केली, तर तालुक्यातल्या तालुक्यात बऱ्यापैकी विश्वसनीय दप्तर तयार होईल. ही माझी सूचना विद्वानांस बाळबोध वाटेल, तरी ती मी मागे घेत नाही.

या पुस्तकातील ज्या भागाकडे वाचकांचे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो तो उपचारांचा नसून निदानाचा आहे, कारण सुजलेला सांधा ही तक्रार एक असली तरी तिची कारणे अनेक, आणि त्यांतील कित्येकांवर पुनर्जनन-चिकित्सा निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे. पावसाळ्यात जन्मलेल्या वासराचे गुडघे आठ-पंधरा दिवसांत सुजून ते अंग टाकू लागले, तर बहुधा त्याची नाळ पिकून तेथील जंतू रक्तातून सांध्यांत उतरलेले असतात. येथे तातडीने प्रतिजैविके हवीत, आणि मुळात जन्मतःच नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली असती तर तीही लागली नसती. भर पावसात धडधाकट बैल एकाएकी तापाने फणफणून आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडू लागला, तर तो तिवा असण्याचा संभव असतो व तीन-चार दिवसांत तो आपोआप उतरतो. तिवा उतरण्याच्या आदल्या दिवशी ज्याने इंजेक्शन दिले त्याची कीर्ती मात्र पंचक्रोशीत राहते. लाळ-खुरकुताने खुरांच्या बेचक्यात झालेल्या जखमांना सांध्याचे दुखणे समजून शेकीत बसणारेही भेटतात. आणि गाईच्या पुढच्या गुडघ्यावर न दुखणारी, पाण्याने भरल्यासारखी गाठ दिसली व तिचा गर्भही मागे कधी पडला असला, तर ब्रुसेला या जंतूचा संशय घेतलाच पाहिजे, कारण तो वार काढणाऱ्या माणसाच्या हाताच्या भेगांतून व न तापवलेल्या दुधातून घरात शिरतो. अशी गाठ घरी सुई टोचून रिकामी करणे म्हणजे रोगाला स्वतः पाट मांडून देणे होय. राहिला तुटलेला अस्थिबंध. मोकळा सुटलेला सांधा आधी शस्त्रक्रियेने स्थिर करावा लागतो. तो स्थिर न करता त्यात कितीही मौल्यवान पेशी घातल्या तरी प्रत्येक पावलागणिक होणारे घर्षण त्यांना पुरून उरते.

फार्महाऊसवाल्यांसाठी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. खुब्याचा सांधा सैल होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या लॅब्रॅडॉरला गुळगुळीत फरशीवर वाढवावे, शनिवार-रविवारी एकदम दोन कोस पळवावे, उरलेले पाच दिवस राखणदाराच्या हवाली साखळीला बांधून ठेवावे, राखणदाराने मायेपोटी त्याला भाताचे ढीग चारावेत, आणि सहाव्या वर्षी तो उठेनासा झाला म्हणजे मुंबईस नेऊन मूलपेशींची चौकशी करावी, हा क्रम आता इतका परिचयाचा झाला आहे की त्याचे आश्चर्य कोणास वाटत नाही. अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मापासून मरेपर्यंत चाललेल्या एका प्रसिद्ध अमेरिकन प्रयोगात निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न दिले गेले. हे कमी खाणारे कुत्रे सरासरीने सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात संधिवात उशिरा व सौम्य प्रमाणात आला. एवढे फळ आजवर कोणत्याही पेशीने दिलेले नाही, आणि या उपचारास खर्च येण्याऐवजी बचत होते.

बैलगाडी शर्यतींचा उल्लेख केल्यावाचून या तालुक्यांतील प्राण्यांच्या सांध्यांचे प्रकरण पुरे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी, २०२१ च्या डिसेंबरात मिळालेली सशर्त मोकळीक आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर केलेले शिक्कामोर्तब, या साऱ्या घडामोडींनंतर शर्यतीच्या बैलाची किंमत लाखांत बोलली जाऊ लागली आहे. बैलापर्यंत नवी चिकित्सा पोहोचण्याचा मार्ग कदाचित याच मैदानातून जाईल, जसा तो विलायतेत घोड्यांच्या मैदानातून गेला. त्यात आनंद आहे तसे भयही आहे. प्लेटलेटच्या इंजेक्शनानंतर दुखणे कमी होते ते ऊती भरून येण्याच्या पुष्कळ आधी, आणि न दुखणारा पण न जुळलेला पाय घेऊन बैलाला पुढच्या रविवारी शर्यतीच्या घाटात उतरवणे म्हणजे ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवून दिलेली एकमेव उपयुक्त गोष्ट, विश्रांती, त्याच्यापासून हिरावून घेणे होय. शर्यतीपूर्वी पशुवैद्याचा दाखला नियमाने लागतो; तो दाखला देणाऱ्याने मागील काही आठवड्यांत सांध्यात काय घातले गेले हेही विचारावे.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा वेदनाशामक सुई काय वाईट? त्या सुईची कैफियत सर्वज्ञात आहे तरी पुन्हा सांगण्याजोगी आहे. जनावरांच्या सांधेदुखीवर स्वस्त व गुणकारी म्हणून डायक्लोफिनॅक गावोगाव टोचले गेले. अशा जनावराचे मढे खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड त्याने निकामी होते हे २००४ मध्ये सिद्ध होईपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या जवळजवळ नामशेष होण्याच्या बेतास आली होती. पशूंसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली, किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांच्यावर २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक असलेले औषध उपलब्ध आहे आणि तेच वापरावे. परंतु वेदना दडपणे व ऊती दुरुस्त होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एका औषधाच्या सोयीपायी आकाशातील सफाई कामगारांची जवळजवळ अख्खी जमात आपण घालवली, ही आठवण नव्या औषधाचे स्वागत करताना जवळ असलेली बरी. जनावराच्या स्वतःच्याच रक्तातून केलेल्या औषधाविषयी माझ्या मनात जो पक्षपात आहे त्याचे एक कारण हेच. त्याचे विष शृंखलेत पुढे कोठे जात नाही.

विद्येचे माहेर या मुलखापासून दूर नाही. बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही परळला आहेत. बरेली जिल्ह्यातील इज्जतनगरची जी भारतीय पशुवैद्यक अनुसंधान संस्था आज कुत्र्यांच्या मज्जेतील पेशींवर काम करते तिचा जन्म १८८९ मध्ये पुण्यास झाला होता. आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीस टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे बहुमजली रुग्णालय उघडले आहे. खर्डी-कसाऱ्याहून लोकलने परळ गाठता येते, पण बैलाला लोकलमध्ये चढवता येत नाही. म्हणून जे तालुक्यात होऊ शकते त्याचाच विचार आधी झाला पाहिजे. क्ष-किरण यंत्र, सेंट्रीफ्यूज, निर्जंतुक सुया, एक स्वच्छ खोली आणि सांध्यात सुई घालण्याचा सराव असलेला पशुवैद्य, एवढ्या सामग्रीत प्लेटलेटचा उपचार होतो. तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात ही सामग्री आणणे तिजोरीस जड नाही. मूलपेशींचे तसे नाही. त्यांस शीतपेटी, प्रयोगशाळा व नियमन लागते, आणि तूर्त त्या मुंबईतच राहू द्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. घरोघर फिरून स्टेम सेलच्या बाटल्या विकणारा कोणी दारात आला तर त्याच्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये झालेली नोंदणी मागावी. बहुधा तो चहाही न घेता निघून जाईल.

पुस्तकाच्या गुणदोषांची चर्चा पुढे वाचक करतीलच. माझी त्यांस एकच विनंती आहे. जनावराची लंगड दोन दिवसांपेक्षा अधिक टिकली, अथवा सांधा गरम लागू लागला, तर सळई तापवण्यापूर्वी, ओळखीच्याकडून सुई मागवण्यापूर्वी आणि हे पुस्तक उघडण्यापूर्वीही १९६२ या क्रमांकावर फोन करावा, फिरते पशुवैद्यकीय पथक येईतो जनावर मऊ, कोरड्या जागी बांधून ठेवावे, आणि कितीही लावणी खोळंबली असली तरी त्याला जुंपू नये.